दार कुठल्या बाजूला?

आमच्या टीममध्ये एका रकान्यावरून तीन आठवडे वाद चालला होता. लोकांनी लिहिलेला पत्ता वाचायचा आणि नकाशावर ठिपका कुठे ठेवायचा ते ठरवायचं, असा प्रोग्राम लिहिणाऱ्या बंगळुरूतल्या एका कंपनीत मी नोकरी करते. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्याकडे माणसं पत्ता लिहीत नाहीत, पत्ता सांगतात. 'टाऊन हॉलच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे, बोळात शिरल्यावर पिवळी बिल्डिंग.' पिनकोड असतो, पण तो पोस्टमनसाठी. खरा पत्ता म्हणजे खूण. त्यामुळे आमच्याकडे देशभरातल्या खुणेच्या जागांचा एक भलामोठा तक्ता आहे. घंटाघरं, मंडया, कलेक्टर कचेऱ्या, रेल्वे स्टेशनं, सिव्हिल हॉस्पिटलं, नाट्यगृहं. प्रत्येकापुढे एक अक्षांश आणि एक रेखांश.

वाद असा, की इमारतीचा ठिपका ठेवायचा कुठे? बाह्यरेषेवरून इमारतीचा मध्य काढणं हे चार ओळींचं काम. पण मध्य कुणाच्याच उपयोगाचा नसतो. डिलिव्हरीवाला मुलगा त्या मध्याच्या रोखाने निघतो, मागच्या भिंतीपाशी येऊन थांबतो आणि फोन करतो, 'मॅडम, इथे तर भिंत आहे.' शेवटी असं ठरलं की तक्त्यात आणखी एक रकाना घालायचा: प्रवेशबिंदू. माणूस त्या इमारतीत नक्की कुठून शिरतो? आणि तो रकाना भरायचं काम, टीममध्ये सगळ्यांत नवी म्हणून, माझ्याकडे आलं.

हे काम बाहेरून किती कंटाळवाणं दिसतं याची मला कल्पना आहे. माझ्या मावशीला अजून वाटतं की मी कुरिअर कंपनीत लागले आहे. पण पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, उपग्रहाच्या फोटोत छप्पर दिसतं, दार दिसत नाही. दारासाठी जागेवर जावं लागतं. म्हणून गेली अडीच वर्षं मी अधूनमधून निरनिराळ्या शहरांत जाऊन मोठमोठ्या इमारतींभोवती फेऱ्या मारते आणि फोनवर एक बटण दाबते.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे पत्ता तिकटीवरून सांगतात. मिरजकर तिकटी, पापाची तिकटी. तीन रस्ते मिळतात ती तिकटी. आजीला उत्तर-दक्षिण कधी कळली नाही, पण तिला आख्खं शहर तोंडपाठ होतं: 'टाऊन हॉलपास्नं खाली ये, मग दसरा चौक.' त्यामुळे नोकरी लागल्यावर प्रोग्रामला 'पासून', 'अलीकडे', 'समोर', 'मागे' शिकवायची वेळ आली तेव्हा मला आपण आजीलाच कोडमध्ये उतरवतोय असं वाटायचं. 'जवळ' हा शब्द सगळ्यांत वाईट. किराणा दुकानाजवळ म्हणजे तीस पावलं; स्टेशनजवळ म्हणजे रिक्षा करावी लागेल.

प्रवेशबिंदूच्या यादीत पुण्याची मंडई सोपी जाईल असं मी धरून चालले होते. गेले तर घोटाळा. मधे अष्टकोनी मनोरा, त्याच्यापासून चहूकडे फुटलेल्या लांब पडव्या, आणि माणसं सगळीकडून आत जाताहेत, सगळीकडून बाहेर येताहेत. मी दारं मोजायला लागले आणि सोडून दिलं. एका भाजीवालीला विचारलं, "मावशी, मेन दार कुठलं?" तिनं माझ्याकडे, मग माझ्या फोनकडे बघितलं आणि म्हणाली, "कुठनंबी ये की. काय घ्यायचंय?" मी अर्धा किलो गवार घेतली. हॉटेलवर गवारीचं काय करणार होते कोण जाणे.

या इमारतीची गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नव्हती. त्याआधी पुण्याचा बाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरायचा. नगरपालिकेनं त्यासाठी मोठी दगडी इमारत बांधायची ठरवली, तेव्हा सभासदांमध्ये जोतीराव फुले होते. त्यांनी या खर्चाला विरोध केला. गावातल्या पोरांच्या शिक्षणाला पैसे नाहीत आणि तुम्ही बाजारासाठी महाल उठवताय, असा त्यांचा मुद्दा. त्यांचं कुणी ऐकलं नाही. ५ ऑक्टोबर १८८६ला मंडईचं उद्‌घाटन झालं, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते, आणि नावही त्यांचंच: रे मार्केट. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकारानं ते बदललं आणि ज्या माणसानं ही इमारत नको म्हटलं होतं त्याचंच नाव तिला मिळालं. यात काव्यगत न्याय आहे असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. फुल्यांचा प्रश्न दगडाबद्दल नव्हता, पैसा कुणासाठी खर्च होतो याबद्दल होता, आणि नाव देऊन त्याचं उत्तर मिळत नाही. पण हेही खरं, की मंडईत त्या दिवशी दोन तास मी नुसती हिंडत होते, मधेच एका ओट्याच्या कडेला बसले, आणि 'इथे का बसलात' असं मला कुणी विचारलं नाही. एकटी बाई शहरात कामाशिवाय कुठे बसू शकते याची यादी मी मनातल्या मनात करत असते. ती फार छोटी आहे. मंडई त्यात आहे.

(मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचं अधिकृत नावही महात्मा जोतिबा फुले मंडई. आमचा प्रोग्राम बराच काळ पुण्यातली पार्सलं मनातल्या मनात मुंबईला पाठवत होता. प्रत्यक्षात दोन्ही शहरांत कुणीच पूर्ण नाव लिहीत नाही. पुण्यात 'मंडई' म्हणतात आणि मुंबईत अजून क्रॉफर्डसाहेबच.)

मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणजे माझ्या तक्त्यातली सगळ्यांत फोटो काढली जाणारी ओळ. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सनं ती इमारत १८७८मध्ये सुरू केली, बांधायला दहा वर्षं लागली. घुमटावर हातात मशाल घेतलेली 'प्रगती' उभी आहे, फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. बाह्यरेषेवरून मध्य काढला तर ठिपका त्याच भव्य भागात कुठेतरी पडतो. पण त्या घुमटाखाली मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे. लोकल पकडायची तर माणूस भुयारी मार्गातून वर येतो नाहीतर बाजूनं घुसतो, आणि घुसताना मान वर करायला त्याला वेळ नसतो. ज्या बाजूनं इमारत बघतात तिकडून कुणी शिरत नाही, आणि ज्या बाजूनं शिरतात तिकडून ती दिसत नाही. मी प्रवेशबिंदू भुयारी मार्गाच्या तोंडाशी ठेवला. एका वरिष्ठानं विचारलं, हे काय, हेरिटेजचा ठिपका सबवेत? मी म्हटलं, जाऊन बघा.

तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर १८३३मध्ये पुरी झालेला जुना टाऊन हॉल आहे, एशियाटिक सोसायटीचा. त्याच्या तीस पायऱ्या हाच त्याचा प्रवेश. कॉलेज संपताना एका मुलाखतीसाठी मी फोर्टमध्ये आले होते आणि निकाल कळेपर्यंत त्या पायऱ्यांवर बसले होते. नोकरी मिळाली नाही. पायऱ्या माझ्या यादीत राहिल्या.

पाटण्याला मी गोलघरासाठी गेले. म्हणजे गेले होते आठ-दहा ठिकाणांसाठी, पण लक्षात राहिलं गोलघर. १७७०च्या दुष्काळात बंगाल-बिहारमध्ये माणसं किड्यामुंगीसारखी मेली. त्यानंतर, दुष्काळ पुन्हा कधी पडूच नये म्हणून कंपनी सरकारनं धान्याचं हे कोठार बांधलं. कॅप्टन जॉन गार्स्टिन नावाच्या इंजिनियरनं १७८६मध्ये ते पुरं केलं. पालथ्या वाडग्यासारखा आकार, आत एक खांब नाही. बाहेरच्या अंगानं दोन जिने गोल गोल वर जातात, एकूण १४५ पायऱ्या. कल्पना अशी की हमालांनी पोतं घेऊन एका जिन्यानं चढायचं, माथ्यावरच्या भोकातून धान्य आत ओतायचं आणि दुसऱ्या जिन्यानं उतरायचं. म्हणजे धान्याचं दार वर, माणसांचं खाली. इंजिनियर म्हणून मला हे डिझाइन फार आवडलं. चढणारे आणि उतरणारे एकमेकांना आडवे येत नाहीत.

पण खालची दारं आतल्या बाजूला उघडतात म्हणे. कोठार काठोकाठ भरलं असतं तर धान्याच्या रेट्यानं ती उघडलीच नसती. ही गोष्ट पाटण्यात रिक्षावाल्यापासून सगळे सांगतात, हसत हसत. खरी आहे की कुणीतरी साहेबाची जिरवायला रचली आहे ते सोडा. मुद्दा असा की ते कोठार कधी पुरतं भरलंच नाही. अशी आणखी कोठारं व्हायची होती, ती झाली नाहीत. मी गेले तेव्हा जिना बंद होता. एक आजोबा नातवाला घेऊन फाटकापाशी उभे होते आणि त्याला सांगत होते की मी तुझ्याएवढा असताना वरून गंगा दिसायची. पोरगं माथ्याकडे बघत होतं. मी बटण दाबलं. प्रवेशबिंदू: बागेचं फाटक. शेरा: तूर्त फक्त बाग.

आता बंगळुरू, जिथे मी राहते. विधानसौध माझ्या रोजच्या वाटेवर नाही, पण पाहुणे आले की न्यावंच लागतं. मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या यांचा हा ध्यास. समोर ब्रिटिशांच्या काळातली तांबडी अठारा कचेरी, म्हणजे अठरा खात्यांच्या कचेऱ्यांची १८६८ची इमारत, आज तिथे उच्च न्यायालय आहे. रशियाहून आलेल्या पाहुण्यांनी 'तुमच्या स्वतःच्या इमारती कुठे आहेत?' असं विचारलं आणि ते हनुमंतय्यांना लागलं, असं सांगतात. १९५१मध्ये नेहरूंनी कोनशिला बसवली होती. हनुमंतय्यांनी आराखडा बदलून ग्रॅनाइटचा प्रचंड द्राविडी पसारा उभा केला. खर्चावरून वादंग झालं. इमारत पुरी झाली त्याच १९५६ साली त्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं. दर्शनी भागावर कन्नड आणि इंग्रजीत कोरलंय: सरकारी काम हे देवाचं काम.

आई पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला हे वाक्य मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून रस्त्याच्या पलीकडनं दर्शन घ्यायचं होय?" आम्ही कुंपणाबाहेर उभ्या होतो. तिथे सगळेच बाहेर उभे असतात, हात वर करून फोटो काढतात. आईचं बोलणं गमतीचं होतं, पण माझ्या रकान्यात अडचण खरी होती. आत जाणाऱ्याला पास लागतो, आणि पास कुठल्या फाटकावर मिळतो ते कामावर अवलंबून. आमदाराचा प्रवेशबिंदू वेगळा, कारकुनाचा वेगळा, अर्ज घेऊन आलेल्या म्हाताऱ्याचा वेगळा. मी तिन्ही टाकले. पर्यटकाचा प्रवेशबिंदू कितीतरी दिवस रिकामा होता. २०२५मध्ये रविवारी तिकीट काढून आतून फेरी सुरू झाली तेव्हा तो भरला. त्या दिवशी मी ऑफिसात उगाचच सगळ्यांना पेढे वाटावेत अशा चेहऱ्यानं फिरत होते.

नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडाला दारच नाही. १९०७मधला खांब आणि चार घोडे. प्रोग्राम म्हणाला रकाना रिकामा चालणार नाही. नकाशाच्या धंद्यातल्या लोकांनी ज्याला नमस्कार करावा त्या दगडालाच आमचा प्रोग्राम चुकीचा म्हणत होता.

एवढं सगळं आधी सांगितलं कारण ८ ऑगस्ट २०२४च्या रात्रीचं सांगायचंय.

साडेदहा झाले असतील. बाबांचा फोन. बाबा रात्री नऊनंतर फोन करत नाहीत, त्यामुळे मी घाबरूनच उचलला. ते म्हणाले, "केशवराव पेटलंय गं."

मी म्हटलं, "कोण केशवराव?"

"आपलं."

केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५मध्ये पुरं झालेलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. शेजारीच त्यांनीच बांधलेलं कुस्तीचं खासबाग मैदान. ज्यांचं नाव नंतर नाट्यगृहाला दिलं ते केशवराव कोल्हापूरचेच, 'ललितकलादर्श' काढणारे. १९२१च्या जुलैमध्ये त्यांनी आणि बालगंधर्वांनी मिळून संयुक्त 'मानापमान' केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, एकतिसाव्या वर्षी. त्यांचा जन्म ९ ऑगस्टचा. म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथे जयंतीचा कार्यक्रम व्हायचा होता.

मी व्हिडिओ बघितले. सगळ्या कोल्हापूरनं त्या रात्री तेच बघितलं. छपरातून ज्वाळा, आणि खाली गर्दी, फोन धरलेले हात. बाबा त्या गर्दीत होते. सकाळी दगडी भिंती तेवढ्या उभ्या होत्या. छप्पर, रंगमंच, खुर्च्या, काही नाही.

चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगला मी त्या रंगमंचावर झाड झाले होते. झाडाला एकच वाक्य होतं, ते मी विसरले. पण मला आठवतं ते वेगळंच. बाबा एका सूतगिरणीत हिशेब लिहायचे आणि संध्याकाळी एका हौशी नाट्यसंस्थेची प्रकाशयोजना करायचे. राज्य नाट्य स्पर्धा लागली की आमच्या घरी महिनाभर जेवायच्या वेळा बिघडायच्या. बाबा कधी रंगमंचावर आले नाहीत. टाळ्यांच्या वेळी सगळे पुढे येतात, तेव्हाही ते डिमरपाशीच. मला ते समोरच्या दारानं कधीच नेत नसत. आम्ही मागून जायचो, रंगपटाकडच्या छोट्या दारानं, जिथे पावडरचा, चहाचा आणि जुन्या पडद्यांचा मिळून एक वास यायचा. तिथला माणूस बाबांना बघून नुसती मान हलवायचा. आख्ख्या शहरात माझ्या बाबांना मान मिळायची ती एक जागा होती. मला हे तेव्हा कळत नव्हतं. नाटक संपलं की खासबागेत भेळ.

आगीनंतर काही महिन्यांनी माझ्याकडे एक टिकीट आलं. आमच्या प्रोग्रामचा नियम असा की एखाद्या खुणेच्या जागी ठरावीक दिवस कुणी गेलेलं दिसलं नाही, तर ती 'अस्तित्वात नाही' म्हणून काढून टाकायची सूचना तो स्वतःच करतो. टिकिटात ओळ क्रमांक होता आणि नाव होतं. एक बटण दाबायचं होतं. मी आधी दुसरं बघितलं: लोक पत्त्यात ते नाव अजून लिहितात का? लिहीत होते. पूर्वीइतकंच. 'केशवरावच्या मागे', 'केशवराव भोसलेसमोर'. जळालेलं, पडकं, जुनं असं एकही विशेषण न लावता. आमच्या व्हीनस कॉर्नरला व्हीनस टॉकीज लागतं कुठे? मी सूचना नाकारली. शेऱ्यात लिहिलं, 'बांधकाम चालू.' ते खोटंही नव्हतं. निधी जाहीर झाला होता, काम सुरू झालं होतं, आणि होतं तसंच पुन्हा उभं करणार असं सगळे म्हणत होते.

पण माझा रकाना? प्रवेशबिंदू समोरच्या दाराचा होता, तो कुणीतरी फोटोवरून टाकलेला. मागचं दार कुणी नोंदवलंच नव्हतं. मी देशभर दारं नोंदवत हिंडले आणि हे एक राहिलं. कोल्हापूर माझंच आहे, कधीही करता येईल, म्हणून ठेवून दिलं होतं.

त्या दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांना म्हटलं, आतला नकाशा काढून द्या. त्यांनी कालनिर्णयचं पान उलटं केलं आणि पेन्सिल घेतली. रंगमंच काढला, विंगा काढल्या, खासबागेकडची भिंत काढली. मग थांबले. "डिमरची खोली हितं. मग दार..." पेन्सिल कागदावर टेकली नाही. तीस वर्षं त्या दारानं गेलेला माणूस. शेवटी त्यांनी डाव्या अंगाला एक छोटी रेघ मारली.

तेवढ्यात फराळाला दादाकाका आले. ते त्याच संस्थेत नट होते. कागद बघून म्हणाले, "छ्या! दार उजवीकडं होतं." बाबा म्हणाले, डावीकडं. दादाकाका म्हणाले, उजवीकडं, मी काय आंधळा होतो? दहा मिनिटं चाललं. मग मला शंका आली. मी विचारलं, "काका, उजवीकडं म्हणजे कुठून बघून? प्रेक्षकांतनं की रंगमंचावरनं?"

दोघं गप्प झाले. दादाकाका आयुष्यभर प्रेक्षकांकडे तोंड करून उभे होते. बाबा विंगेतून आडवं बघायचे. त्यांची डावी-उजवी कुणाशीच जुळत नव्हती. त्यांनी कागद फिरवून बघितला, उठून उभे राहिले, एक जण पाठ करून, एक जण तोंड करून, हातवारे करून आमच्या बाहेरच्या खोलीतच नाट्यगृह मांडलं. आई चकलीची बशी घेऊन मधे उभी, तिला सांगितलं, "तू रंगपट." तरी जमेना. आता दोघांना दोन्हीकडं दार आठवायला लागलं होतं.

बाबांनी दोन्ही बाजूंना रेघ मारली आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग त्यांच्या संस्थेत पडदे ओढायला असायचे त्या गृहस्थांना त्यांनी फोन लावला. रात्रीचे अकरा वाजत आले होते. स्पीकरवर ठेवला.

"झोपलायस काय रे? एक सांग. केशवरावच्या रंगपटाचं मागचं दार कुठल्या बाजूला होतं?"

तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. दादाकाका हातातला लाडू तसाच धरून फोनकडे बघत होते.